शेऱ्याच्या रकान्यातला पाऊस

बुद्धपौर्णिमेची रात्र. चंद्रपूरच्या जंगलात, पाणवठ्याच्या काठी मचाण. वर एक वनरक्षक आणि नागपूरहून आलेला हौशी पाहुणा. चांदण्यात पाण्यावर जे येईल ते टिपायचं. अस्वल एक. चितळं सात. रानडुकरं... अंधारात नीट मोजवत नाहीत, दहाएक असावीत.

विदर्भातली ही जुनी रीत. मे महिन्यात नाले आटतात, बोड्यांना, म्हणजे लहान तळ्यांना, भेगा पडतात. जनावर पाण्यावर येणारच.

पण आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला तर? खडकाखडकांत डबकी साचतात, पाणवठा ओस पडतो. कागदावरचा आकडा घसरतो, जंगलात मात्र जनावरं तेवढीच. याउलट कडक उन्हाळ्यात उरल्यासुरल्या पाण्यावर गर्दी होते आणि वाटतं, वा, संख्या वाढली! मग आपण मोजलं काय? जनावर, की हवामान?

संख्याशास्त्र म्हणूनच आधी विचारतं : असूनही दिसले नाहीत, ते किती?

वाघापुरतं उत्तर पट्ट्यांत आहे. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाची डावी-उजवी कूससुद्धा जुळत नाही, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे. समजा, पहिल्या खेपेला २० वाघ टिपले. दुसऱ्या खेपेला पुन्हा २०, त्यांत ओळखीचे १०. म्हणजे जंगलातले साधारण निम्मेच आपल्या ओळखीचे. एकूण ४० च्या आसपास. मासे मोजायची ही जुनी युक्ती. तिच्याच सुधारलेल्या रूपावर आज देशाचा व्याघ्रअंदाज उभा आहे. त्यानुसार महाराष्ट्रात २०१८ मध्ये ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४.

अस्वलाला पट्टे नाहीत. तिथे एकाच जागी पुन्हा पुन्हा फेऱ्या. जनावर असूनही एका फेरीत हुकण्याची शक्यता निम्मी धरली, तर चारही फेऱ्यांत हुकण्याची शक्यता १६ त एक. प्रत्येक फेरीचं ऊन-पाऊस टिपून ठेवलं, की जनावर खरंच दुसरीकडे सरकलं की नुसतं नजरेआड झालं, हे बरंचसं वेगळं काढता येतं. जनावरांसाठी सौरपंपाचं पाणी कुठे सोडायचं, हे त्यावर ठरवता येतं. भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईच्या वाटेवर तर नक्कीच नको.

उजाडलं. पाहुणा डुलक्या घेतोय. वनरक्षक तक्ता पुरा करतो आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहितो : ‘काल सायंकाळी पाऊस.’