सावलीची बाजू

नमस्कार श्रोतेहो.

परतीच्या विमानाला चार दिवस असतानाच आमच्या ह्यांनी बॅगा काट्याला लावायला सुरुवात केली. घरून आणलेला आकड्याचा काटा. तो हातात उंच धरायचा, त्याला बॅग लटकवायची आणि डोळे बारीक करून आकडा वाचायचा. व्हॅनिलाच्या चहाची पाकिटं आणि तीन प्रकारची साखर. सातारा जिल्ह्यातली माणसं मॉरिशसला जाऊन साखर का आणतात, हे कृपा करून विचारू नका. आणली खरी.

हे वजन करत होते आणि मी फोनवरच्या नकाशातला एक हिरवा ठिपका बघत होते. आम्ही उतरलो होतो ते फ्लिक-आँ-फ्लाक नावाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावात. तिथून चालत दहा मिनिटांवर, सुरूच्या बनात, कुणीतरी एक डबी लपवून ठेवली होती. ती मला अजून सापडली नव्हती.

आता हा काय प्रकार, ते सांगते. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. आमच्या घरात त्याला 'डबे शोधणं' म्हणतात, आणि तेच जास्त खरं आहे. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी फोन घेऊन तिथं जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होता तसा परत ठेवायचा. बक्षीस काही नाही. डब्यात चिल्लर वस्तू असतात. एखादी घ्यावी, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवावी. डबा कधी जेवणाच्या डब्याएवढा असतो, कधी जुन्या फोटोच्या रोळाच्या डबीएवढा, तर कधी करंगळीच्या नखाएवढा. खेळात नसलेल्या माणसाला 'मगल' म्हणतात. मगल बघत असताना डब्याला हात लावायचा नाही, हा मोठा नियम. आमचे हे गेली सहा वर्षं माझ्यासोबत हिंडूनही निष्ठेनं मगलच राहिले आहेत.

उपग्रहांवरून जागा शोधण्याची सोय अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसांना मिळणाऱ्या संकेतांत ते मुद्दाम थोडी चूक घालून ठेवत. जागा शंभर-शंभर मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. 2 मे 2000 ला ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातल्या डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं, आकडे आता किती खरे निघतात हे बघायला, एक काळी बादली रानात ठेवली आणि तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तकं, गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा (बीन्सचा) एक सीलबंद डबा होता. चार दिवसांत माणसं शोधत पोचलीसुद्धा. आज असे डबे जगभर तीस लाखांच्या वर आहेत.

तर माझी डबी. शनिवारी संध्याकाळी पहिल्यांदा गेलो. आपल्या कोकणात असतं तसंच सुरूचं बन. तिथले लोक या झाडाला 'फिलाओ' म्हणतात. वाऱ्याचा आवाजही तोच, पावसाच्या सरीसारखा. फोन म्हणाला, पोचलात. पण झाडीत फोनच्या 'पोचलात'ला पाच-दहा मीटरची सूट द्यावी लागते. त्या वर्तुळात चार जाडजूड बुंधे होते. अशा वेळी लपवणाऱ्यानं दिलेली खूण वाचायची. ती सांकेतिक असते, प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढं सरकवलेलं. उलगडली, तेव्हा तिचा अर्थ एवढाच निघाला: 'बुंध्याची दुपारच्या सावलीची बाजू.'

मला हसू आलं. सोपं आहे! मे ते जुलैमधले काही आठवडे सोडले, तर आपल्याकडे दुपारची सावली उत्तरेला पडते. लहानपणी वाळवणं घालताना आजीनं शिकवलेलं ज्ञान. चारही झाडांच्या उत्तर बाजू मी हातांनी, काडीनं, फोनच्या उजेडात उकरून काढल्या. सुरूच्या वाळक्या सुया, पोवळ्याचे पांढरे तुकडे, बाटल्यांची बुचं आणि एक लहान मुलाची चप्पल निघाली. मे महिन्यात तिथं थंडीची सुरुवात असते आणि पावणेसहाला दिवस मावळतो. उरलेल्या बाजू अंधारात वरवर चाचपल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी मॉरिशसचा समुद्रकिनारा म्हणजे आपली वनभोजनाची जत्रा. पातेली, सतरंज्या, ढोलकं, म्हाताऱ्या माणसांसाठी घडीच्या खुर्च्या. माझ्या चार झाडांखाली एक पंधरा-वीस जणांचं कुटुंब दुपारच्या जेवणाला बसलेलं. आता मगलच मगल चोहीकडे! मी आपली समुद्र बघितल्यासारखं करत झाडांभोवती घिरट्या घालत होते. शेवटी एका आजोबांनी हिंदीत विचारलं, "बेटी, कुछ गिर गया क्या?"

खोटं बोलता आलं नाही. सांगून टाकलं. मुलांना भलतीच गंमत वाटली, आजोबांना मुळीच नाही. त्यांना वेगळंच जाणून घ्यायचं होतं. कुठून आलात? महाराष्ट्रातून म्हटल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला. "हम भी मराठी." त्यांच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आलेले. घरात आता क्रेओल बोलतात, नातीनं शाळेत मराठी घेतलंय, गणपती दरवर्षी बसतो. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, हे मला तेव्हा कळलं. "जाखडी आती है?" त्यांनी विचारलं. माझं माहेर चिपळूणचं. जाखडी मी कितीदा पाहिली आहे, पण फेर धरता येत नाही म्हणताना माझीच मान खाली गेली. त्यांच्या सुनेला येत होती.

मग आम्हाला आग्रहानं बसवलं. बुंध्याला टेकून, मुळांच्या खोबणीत, गार सावलीत. दोन मऊ डाळपुऱ्या, त्यात पावट्याची उसळ आणि हिरव्या मिरचीची चटणी. डाळपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण. एका मुलानं फोटो काढला. डबी त्या दिवशीही राहिली. रात्री माझ्या खात्यावर 'सापडला नाही' अशी नोंद केली. ती केली की नकाशावर त्या जागी निळा रडका चेहरा उमटतो. काहीजण न सापडलेल्यांची नोंदच करत नाहीत. मला ते पटत नाही. आपण गेलो होतो ना? मग लिहावं.

सोमवारी दक्षिणेकडे निघालो. वाटेत क्यूरपिप गावात एका थंड पडलेल्या ज्वालामुखीचं विवर आहे, त्रू-ओ-सेर्फ. तिथल्या फलकावरचे आकडे घेऊन बेरीज-वजाबाकी केली की पुढच्या जागेचे अक्षांश-रेखांश मिळत होते. क्यूरपिपचा पाऊस महाबळेश्वरच्या पावसाचा भाऊ शोभेल. छत्री मानेत धरून मी आकडे भरले आणि फोननं अंतर दाखवलं चार हजार पाचशे किलोमीटर. सवयीनं मी अक्षांश 'दक्षिण'ऐवजी 'उत्तर' घातले होते! वीस अंश दक्षिणेचा मॉरिशस सोडून फोन मला वीस अंश उत्तरेच्या ओमानच्या वाळवंटात पाठवत होता. ह्यांनी शांतपणे विचारलं, "रिक्षा बघू का?"

एक अक्षर दुरुस्त केल्यावर डबा तीनशे मीटरवर निघाला. त्यात एक धातूचा बिल्ला होता, त्यावर ठोकलेला क्रमांक. असे बिल्ले एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हातोहात जगभर फिरतात आणि मालक घरी बसून क्रमांकावरून त्यांचा प्रवास बघतो. हा जर्मनीहून निघालेला होता. मी त्याला पर्समध्ये टाकला आणि त्याच्या जागी कोल्हापुरी चपलेची किल्लीसाखळी ठेवली.

मग ग्री-ग्री. मॉरिशसला चहूबाजूंनी पोवळ्याच्या भिंतीचं कुंपण आहे, म्हणून समुद्र आत येतो तो वेसण घातल्यासारखा. ग्री-ग्रीला ते कुंपण तुटलेलं आहे आणि लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतात. तिथं डबा नव्हताच. या खेळात एक प्रकार असा आहे की जमीन हाच डबा. जायचं, दगड नीट बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लपवणाऱ्याला, म्हणजे खरं तर दाखवणाऱ्याला, कळवायची. प्रश्न होता: खडकातली भोकं केवढी आहेत, आणि त्यांत काय आहे?

मी उकिडवी बसले. काळाकुळकुळीत दगड, त्याला मुगाएवढी, हरभऱ्याएवढी भोकं. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. मी एकात करंगळीचं टोक घातलं. आत काही नव्हतं, थोडं खारं पाणी. आणि मला आमच्या वाईकडचे दगड आठवले. तोच रंग, तसेच बुडबुडे, पण आपल्याकडे बरेचसे भरलेले असतात, पांढऱ्या स्फटिकांनी. लहानपणी आम्ही ज्या गारगोट्या वेचायचो, त्या तिथूनच सुटून आलेल्या. दगडातून पाणी झिरपत राहतं, त्यातले क्षार भोकांत साचत जातात. त्याला काळ लागतो.

प्रश्नाखाली दिलेली माहिती मी तिथंच वाचली, आणि ह्यांनाही हाक मारून बोलावलं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त जागेवर आपला दख्खन होता, तिथून लाव्ह्याचे लोट आले. सह्याद्रीचे पायऱ्या-पायऱ्यांचे कडे त्याच लाव्ह्याचे थर. मग भारत उत्तरेला सरकत गेला. ती जागा खालीच राहिली आणि वरून सरकणाऱ्या समुद्राच्या तळाला जाळत गेली. मागोमाग लक्षद्वीप, मालदीव, चागोस. 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आता तीच आच शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. चूल तीच. सरकत गेला तो तवा. ह्यांनी दगडावर दोन चापट्या मारल्या, जावयानं म्हशीच्या पाठीवर माराव्यात तशा, आणि म्हणाले, "म्हणजे हा आपल्या मांढरदेवीचा धाकटा भाऊ." सहा वर्षांत पहिल्यांदा ते एखाद्या ठिकाणाहून निघायला तयार नव्हते.

मंगळवारी राजधानी पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाटावर गेलो. 1834 पासून 1920 पर्यंत जवळपास पाच लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला आले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासेकडून, काही मुंबईहून. बोटीतून उतरलं की सोळा पायऱ्या चढायच्या. त्या पायऱ्या अजून आहेत, काळ्या दगडाच्या, फारशा उंच नाहीत. वर गेलं की कागदपत्रं आणि प्रत्येकाला एक क्रमांक. पुढं त्याच क्रमांकानं ओळख. माझ्या पर्समध्ये तो जर्मन बिल्ला होता, त्यावरही क्रमांक. मला ते फार बरं वाटलं नाही. मी पर्स ह्यांच्याकडे दिली आणि पायऱ्या मोकळ्या हातांनी मोजल्या. रविवारचे आजोबा आणि त्यांची सून डोळ्यांसमोर होती.

शेवटच्या संध्याकाळी मनात आलं, आपणही इथं एक डबा ठेवून जावा. छोटी स्टीलची डबी होती, घट्ट झाकणाची. पण खेळाचा नियम आडवा आला. दुसऱ्या डब्यापासून 161 मीटर अंतर हवं, जमीन खणायची नाही, हे सगळं जमलं असतं. न जमणारं वेगळंच: सुट्टीवर आलेल्यानं डबा ठेवायचा नाही. डब्याची निगा राखावी लागते. कागद भिजतो, झाकण सैल होतं, मुंग्या होतात. ज्याला येऊन बघता येत नाही, त्यानं ठेवू नये. नियम करणाऱ्यांचं पटलं. डबीत साखर भरली. ह्यांच्या काट्यावर बॅग 22 किलो 800 ग्रॅम भरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

पुण्यात आल्यावर जर्मन बिल्ला एका टेकडीवरच्या डब्यात सोडला. आणि 'सापडला नाही' या माझ्या नोंदीला रविवारचा तो फोटो जोडला, डाळपुरी खातानाचा. आठवण म्हणून.

दोन दिवसांनी डबी लपवणाऱ्याचा निरोप आला. माणूस तिथलाच, बोलणं अगदी सभ्य. लिहिलं होतं: 'मॅडम, डबी जागेवर आहे, काल जाऊन बघितली. आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला. फोटोत तुम्ही सावलीतच बसला आहात. डबी तुमच्या खाली आहे. कृपया फोटो काढून टाका, जागा फुटते.'

फोटो काढून टाकला. ह्यांनी तो आधीच आपल्या फोनवर घेऊन ठेवला होता. पाहुणे आले की दाखवतात.

नमस्कार.