'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'? अजिबात नाही!

नमस्कार मंडळी! "फार पॉश एरियात राहतात हो ते!" असं कुणी म्हणालं की एखादे काका हमखास पुढे सरसावतात. "पॉश म्हणजे काय, माहितीये का? पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम!"

गोष्ट अशी. साहेबाच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटी इंग्लंडहून सुएझमार्गे मुंबईला यायच्या. तांबड्या समुद्रात जीवघेणा उकाडा. येताना बोटीची डावी बाजू, म्हणजे पोर्ट, सावलीत. परतताना उजवी, स्टारबोर्ड. पैसेवाले दोन्ही वेळा सावलीतली केबिन घ्यायचे आणि त्यांच्या तिकिटावर या चार अक्षरांचा शिक्का असायचा.

गोष्टीत सगळं आहे. मुंबई, साहेब, ऊन. नाही ते फक्त तिकीट! असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या आसपास छापील इंग्रजीत रुळलेला दिसतो आणि बोटीची गोष्ट येते थेट १९३५ साली. बारसं आधी, मूल नंतर, तसं झालं हे.

मुळात आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची हौस विसाव्या शतकातली. 'रडार' असा बनला, पण तो १९४० चा. त्यामुळे कुठल्याही जुन्या इंग्रजी शब्दाचा कुणी 'फुल फॉर्म' सांगितला, की मी आधी हसून घेतो.

'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे मीही शाळेत घोकलंय. प्रत्यक्षात ते 'न्यू'चं अनेकवचन, म्हणजे 'नव्या गोष्टी'. जुन्या लिखाणात त्यात डब्ल्यूनंतर आणखी एक 'ई' असायचा. मग काय, पूर्व दिशा दोनदा?

बरं, पॉश आला कुठून? पक्कं कुणीच सांगत नाही. पण एक अंदाज मला फार आवडतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे किरकोळ नाणं, पैसा. तो आला रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेतून, तिथे अर्थ 'अर्धा'. रोमानी ही मूळची भारतातून गेलेली भाषा, आणि तिच्यातला हा शब्द भाषातज्ज्ञ संस्कृत 'पार्श्व'शी, म्हणजे 'बाजू'शी जोडतात. त्याच 'पार्श्व'मधून आपल्या मराठीत काय आलं?

'पाशी'. दारापाशी, माझ्यापाशी मधलं 'पाशी'!