सेल्फ लागत नाही? आधी कान द्या

राम राम मंडळी. परवा सकाळी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून फोन आला. केळीची कापणी झालेली, घड बांधावर पडलेले, आणि ट्रॅक्टर सेल्फच घेईना. "नवी बॅटरीच घेऊन या," भाऊ म्हणाले. मी म्हटलं, "थांबा. चावी फिरवा आणि फोन बॉनेटजवळ धरा."

भराभर कटकटकटकट ऐकू आलं. हा आवाज ओळखून ठेवा. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढू पाहतं, करंट पुरत नाही, म्हणून चिकटतं नि सुटतं. हेडलाइट लावून परत चावी फिरवायला लावली, तर दिवे पार मेले. म्हणजे एकतर बॅटरी उतरलीय, नाहीतर करंट वाटेतच अडतोय. टर्मिनल हलवून बघा म्हटलं, तर ते चक्क फिरत होतं, वर पांढरी-हिरवी भुकटी. आधी निगेटिव्ह काढायचं, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा. चेसिसवरची अर्थिंगची पट्टीही तशीच तपासा.

मीटर असेल तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ९.६च्या खाली घसरली, तर बॅटरी थकलीय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, बॅटरीतलं पाणी आटतं नि प्लेटा उघड्या पडतात. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको.

एकच जाड 'कट्ट' वाजलं आणि दिवे तसेच लख्ख राहिले, तर सोलेनॉइडचे पॉइंट जळालेत किंवा सेल्फच्या मोटरला आत करंट पोचवणारे कार्बन झिजलेत. 'कट्ट' होऊन दिवे मंदावले, तर सेल्फ किंवा इंजिनच जाम असेल.

आणि काहीच आवाज नाही, दिवे लख्ख? मग क्लच पूर्ण दाबलाय का? पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा, दांडा न्यूट्रलला आहे का? बऱ्याच ट्रॅक्टरांत यांना सेफ्टी स्विच असतो. हसू नका, मी स्वतः एकदा अख्खी सेल्फ मोटर खोलून बसलो होतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला नव्हता, एवढंच. गिऱ्हाइकाने चहा पाजला, वर काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

एक मात्र करू नका. जमिनीवर उभं राहून सोलेनॉइडला पेचकस टेकवून सेल्फ मारू नका. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर सरळ अंगावर येतो.

सावद्याचे घड दुपारच्या ट्रकमध्ये चढले. बॅटरी तीच, तीन वर्षांची.