सोंडेचं करायचं काय?

(पडद्यावर: कोरा कागद, पेन्सिल. एक गोल, त्याला लोंबणारी रेघ.)

ही सोंड. तिचा मालक चार दिवसांचा आहे आणि तिचं करायचं काय, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

जवळजवळ 22 महिने आईच्या पोटात काढून, साधारण 100 किलोचं अंग घेऊन हत्तीचं पिल्लू जगात येतं. एवढी जय्यत तयारी, आणि सोंड मात्र नुसती लोंबकळत असते. पिल्लू ती झटकतं, चोखतं, तिच्यावरच पाय देऊन अडखळतं. तहान लागली की सरळ पाण्याला तोंड लावतं. विनोद लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? केळीचं साल आणायलाच नको.

(ॲनिमेटरचा हात. कागद फडफडतात.)

सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 12 चित्रं. म्हणजे पिल्लाच्या या 4 सेकंदांच्या धडपडीला 48. त्यातलं हे 31वं बघा. पाय सोंडेवर पडलाय, पण स्वारीला पत्ताच नाही. नजर अजून फुलपाखरावर. पुढच्या चित्रात कान ताठ. हसू फुटतं ते या दोन चित्रांच्या मधल्या फटीत.

आधी हेच पिल्लू चारही पाय हवेत घेऊन धावत होतं. धमाल दिसायचं. पण हत्ती कितीही वेगात असला तरी त्याचा एक तरी पाय जमिनीवर असतोच. मग काय, सगळं खोडलं, पुन्हा काढलं. या खोडरबराच्या कचऱ्यावर आमचा कॅमेरा जरा जास्तच रेंगाळलाय. रेंगाळू दे.

(रंगाच्या स्क्रीनवर रोहित पक्ष्याचं पिल्लू.)

गुलाबी केलं असतं तर मुलांनी झटकन ओळखलं असतं. पण हे असतं राखाडी, चोचही सरळ. म्हणून गोष्टच तशी रचली: लांबच लांब पायांच्या गर्दीत हे हरवतं आणि बोंब ठोकतं. एवढ्या कलकलाटात आईबाप त्याला आवाजावरून ओळखतात. साहजिकच डबिंगवाल्या ताईंचा घसा बसलाय.

(अंधारी खोली. मुलांचे चेहरे.)

आता तो प्रसंग, जो बघून मोठी माणसं म्हणतात, "एवढा काढून टाका." हत्तीचं पिल्लू आईची लीद खातं.

(मुलं: "शीऽऽऽ!")

झाडपाला पचवायला लागणारे जिवाणू पिल्लाच्या पोटात पोहोचतात ते असे. प्रसंग ठेवलाय. त्या शीऽऽसकट तो घरी जाणार, आणि जेवणाच्या ताटावर हमखास निघणार.

हरणाच्या पाडसाचाही एक भाग आहे: गवतात एकटं दिसलं तरी उचलायचं नाही, आई बहुधा जवळपासच चरत असते.

(शेवटचा प्रसंग. गवताची काडी. सोंड पुढे येते. काडी निसटते. सोंड पुन्हा पुढे. इथून निवेदन नाही.)