अठरावं अक्षर

विषय दिलाय ‘हायकू : आस्वाद आणि लेखन’. लेखनाकडे येतोच, पण आधी एक जुनं दुखणं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते ऐकलेलं आहे, चेहऱ्यांवरून दिसतंय. त्यांनी तेवढा वेळ चहा घ्यावा.

हायकू म्हणजे जपानातून आलेली इवलीशी कविता, आपल्याकडे तीन ओळींची : पाच, सात, पाच, एकूण सतरा अक्षरं. अशा एका हायकू स्पर्धेला मी परीक्षक होतो. संस्थेचं नाव नको. आलेल्या कागदांत हा एक निघाला :

उन्हाळी सुट्टी
आजोळच्या दाराला
गंजलं कुलूप

मी तो पहिला काढला. सचिवांनी बोटांवर अक्षरं मोजली. पाच, सात, सहा. ‘‘सर, अठरा! बाद.’’ मी हुज्जत घातली, तेव्हा ते उदार झाले : ‘‘मग ‘जुनं कुलूप’ करू या. सतरा होतात.’’ झाली की! पण जुनं कुलूप नांदत्या घरालाही असतं. गंज चढायला चार पावसाळे जावे लागतात. आजी आता नाही, हे त्या गंजानंच तर सांगितलं होतं. पहिलं बक्षीस अखेर एका सतरा अक्षरी चंद्राला गेलं.

हायकूचा थोर जपानी कवी बाशो, त्याच्यापुढेही असाच एका शब्दाचा प्रश्न आला होता. त्याला आधी सुचलं ते पुढचं : बेडूक उडी मारतो, पाण्याचा आवाज. सुरुवातीची पाच मात्रांची जागा रिकामी. शेजारी शिष्य किकाकू. तो म्हणाला, ‘यामाबुकी’ घाला. यामाबुकी म्हणजे पिवळ्या फुलांचं झुडूप. जुन्या दरबारी कवितेत बेडूक आणि यामाबुकी ही ठरलेली जोडी, आपल्याकडे चातक आणि पाऊस तशी. शिवाय त्या कवितेतला बेडूक गायचा. बाशोनं त्याला गाऊ दिलं नाही, नुसती उडी मारायला लावली आणि वर ठेवलं ‘फुरुइके या’, जुनं तळं. शिको नावाच्या शिष्यानं ही हकिगत लिहून ठेवली आहे. कविता 1686ची. (आता सचिव म्हणतील, बघा, बाशोनंही ‘जुनं’च घेतलं!)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच? बरं.

तर झटपट. जपानी मोजतात ती आपली अक्षरं नव्हेत, साधारण आपल्या मात्रा. ‘तोक्यो’ त्यांच्या तोंडी चार मात्रांचं : तो-ओ-क्यो-ओ. त्या हिशेबानं ‘उन्हाळी सुट्टी’ ही ओळच पाचाच्या कितीतरी पुढे जाते, म्हणजे सचिवांचे सतरा जपानी नव्हतेच. आणि बाशोचा तो वठल्या फांदीवरच्या कावळ्याचा हायकू? मधली ओळ नऊ मात्रांची. बाद!

दुसरं, ऋतुशब्द, ‘किगो’. बेडूक म्हणजे वसंत. नुसता ‘चंद्र’ म्हटलं की शरद. शब्द कुठल्या ऋतूचा, याचे त्यांच्याकडे कोश असतात. आपल्याकडे कैरी, मोहर, पागोळ्या आहेतच, आयते.

तिसरं, आणि यासाठीच मी आलो होतो, ‘किरेजी’, कापणारा शब्द. ‘फुरुइके या’मधला ‘या’. त्याला वेगळा अर्थ नाही, तो तिथे कविता चिरतो. एकीकडे तळं, दुसरीकडे उडी, मध्ये फट. त्या फटीत वाचकानं शिरायचं. ‘सुट्टी’नंतर जरा थांबा, मग कुलूप पाहा. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला, त्यावर बोलायचं राहिलंच. लिहायचं कसं? दोन गोष्टी शेजारी ठेवा आणि ‘जणू’ खोडा. ‘जसे’ही खोडा. अक्षरं शेवटी मोजा, आणि अठरा भरली तर... हो, हो, उठतो.