मोजायची ती दांडी: पडदे शिवण्याआधीचे माप

खिडकीला पडदे शिवून घ्यायचे ठरले की बहुतेक जण टेप घेऊन थेट चौकटीकडे वळतात, रुंदीचा एक आणि उंचीचा एक आकडा लिहून घेतात आणि माप झाले असे समजतात. त्या दोन आकड्यांवर शिवलेला पडदा बंद असताना कडेने उजेड आत येऊ देतो आणि उघडल्यावर काचेचा बराच भाग अडवून बसतो. पडदा चौकटीला टांगलेला नसतो. तो दांडीवर किंवा ट्रॅकवर टांगलेला असतो. त्यामुळे दांडी कुठे बसणार हे आधी ठरवावे लागते आणि खरी मोजणी त्यानंतर सुरू होते. शक्य असेल तर दांडी आधी भिंतीवर बसवूनच घ्यावी, कारण कागदावरची दांडी आणि भिंतीवरची दांडी यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि लांब पडद्यात तो लगेच नजरेस येतो.

दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना साधारण 15 ते 25 सेंटिमीटर पुढे जाऊ द्यावी आणि चौकटीच्या वर 10 ते 15 सेंटिमीटर ठेवावी. उघडलेल्या पडद्याला गोळा व्हायला जागा लागते, ती काचेवर न जाता भिंतीवर मिळावी हा यामागचा हेतू असतो. अस्तर लावलेल्या जाड कापडाचा गठ्ठा मोठा होतो, म्हणून त्याला जास्त जागा द्यावी. मात्र त्याआधी भिंत नीट पाहावी: बाजूला विजेचे बटण आहे का, कपाट किती अंतरावर आहे, तावदान आत उघडते का. दांडी पाणसळ लावून सरळ बसवावी. नुसत्या नजरेने बसवली तर छताच्या किंवा चौकटीच्या तिरकेपणाने आपली फसगत होते.

मापासाठी पोलादी टेप वापरावा. शिवणकामाचा कापडी टेप अंगाचे माप घ्यायला उत्तम असतो, पण तो वापराने ताणला जातो आणि लांब अंतरावर मध्येच झोळ खातो. पोलादी टेपच्या टोकाची आकडी जवळून पाहिली तर ती किंचित पुढेमागे हलते. अनेकांना तो दोष वाटतो आणि ते ती ठोकून घट्ट करतात. तसे मुळीच करू नये. ती नेमकी स्वतःच्या जाडीइतकी सरकते. कडेला अडकवून ओढली की बाहेर येते आणि भिंतीला टेकवून दाबली की आत जाते, म्हणून दोन्ही प्रकारे घेतलेले माप बरोबर येते.

आता लांबी. दांडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असे तीन ठिकाणी मोजावे. समजा ते 242, 241.5 आणि 243 सेंटिमीटर आले, तर त्यांची सरासरी काढू नये. सर्वांत लहान माप धरून त्यातून 1 ते 1.5 सेंटिमीटर वजा करावे. मग पडदा कुठेही जमिनीवर घासत नाही. मोजायला सुरुवात कुठून करायची हे पडदा कशावर अडकणार यावर ठरते. आयलेटचा, म्हणजे कापडातच बसवलेल्या गोल कड्यांतून दांडी ओवायचा पडदा दांडीच्या वरच्या कडेपासून मोजतात आणि आयलेटच्या वर येणारे कापड त्यात मिळवतात. रिंगांचा पडदा रिंगेच्या खालच्या छोट्या कडीपासून मोजतात, तर ट्रॅकवरचा पडदा हुक अडकतो त्या छिद्रापासून. ही सुरुवातीची जागा कागदावर लिहिली नाही, तर शिवणाऱ्याला ती अंदाजाने धरावी लागते.

रुंदीचा हिशेब दांडीच्या लांबीवरून होतो आणि तिथे चुण्यांचा विचार करावा लागतो. चुण्यांसाठी साधारणपणे दांडीच्या दुप्पट कापड धरतात. पातळ, पारदर्शक कापडाला अडीचपटही शोभते. चौकट 150 सेंटिमीटर आणि दोन्हीकडे 20 सोडले, तर दांडी 190 सेंटिमीटरची झाली. तिची दुप्पट 380. दोन पडद्यांच्या चार उभ्या कडांना प्रत्येकी 4 सेंटिमीटरची दुमड, म्हणजे आणखी 16, आणि जोडशिवणीचे 6 धरले की 402. कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, 137 सेंटिमीटर असेल तर तीन पन्हे लागतात आणि प्रत्येक पडद्याला दीड पन्हा येतो. तो अर्धा पन्हा भिंतीकडच्या बाजूला जोडावा, म्हणजे जोड चुण्यांमध्ये लपतो आणि पडद्याची समोरची कड अखंड राहते.

कापडावर मोठी नक्षी असेल, तर खरेदीचा आकडा अनपेक्षितपणे वाढतो. शिवून तयार लांबी 240 सेंटिमीटर आणि वरखालच्या दुमडीसाठी 25 धरले, तर साध्या कापडाचा प्रत्येक तुकडा 265 सेंटिमीटरचा कापता येतो. पण नक्षी दर 64 सेंटिमीटरला पुन्हा सुरू होत असेल, तर चार नक्ष्या 256 मध्येच संपतात आणि पाचवी पूर्ण घ्यावी लागल्याने तुकडा 320 सेंटिमीटरचा होतो. तीन पन्ह्यांना मिळून 7.95 मीटरऐवजी 9.60 मीटर कापड लागते. ही वाढ वाया गेलेली नाही. तिच्यामुळेच शेजारच्या दोन पन्ह्यांवरची फुले एका ओळीत येतात. म्हणून कापड पसंत करतानाच नक्षीची उंची मोजून घ्यावी.

चौकटीच्या आत बसवायच्या पडद्याला दांडी बाजूंना पुढे नेण्याचा हिशेब लागू होत नाही. तिथे रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत लहान आकडा घ्यावा, कारण जागा तेवढीच असते.

एकक एकच ठेवावे. 1 इंच म्हणजे नेमके 2.54 सेंटिमीटर, सोयीसाठी अडीच धरले, तर 90 इंचांच्या पडद्यात 3.6 सेंटिमीटरची तूट येते. आकडे लिहिताना आधी रुंदी, मग लांबी हा क्रम प्रत्येक खिडकीसाठी पाळावा आणि लांबीपुढे 'शिवून तयार' असे स्पष्ट लिहावे. नाहीतर दुमडीचे कापड दोनदा धरले जाण्याची किंवा अजिबात न धरले जाण्याची शक्यता असते.

सुती कापड धुतल्यावर आटते. 240 सेंटिमीटरमध्ये ते 3 टक्के जरी आटले, तरी पडदा 7 सेंटिमीटरने वर जातो. म्हणून धुण्याजोगे कापड कापण्याआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सैल विणीचे आणि वजनदार कापड याच्या उलट वागते: टांगल्यावर ते स्वतःच्या भाराने थोडे खाली उतरते. अशा पडद्यांची खालची दुमड आधी कच्च्या टाक्यांनी घालावी, पडदे काही दिवस त्यांच्याच दांडीवर टांगून ठेवावेत, जमिनीपासूनचे अंतर पुन्हा तीन ठिकाणी मोजावे आणि मगच पक्की शिलाई मारावी.