अडकलेली पुंगळी

(पडद्यावर: धुक्यातल्या टेकड्यांची जुनी कृष्णधवल चित्रं.)

1967 चा एप्रिल. दक्षिण व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, खे सानभोवतीच्या टेकड्या. लष्करी नकाशात त्यांची ओळख म्हणजे मीटरमधली उंची: 861, 881. त्या चढणाऱ्या अमेरिकन मरीन सैनिकांच्या हातात नवी एम-16 रायफल होती. जुनी एम-14 जमा करून ही हाती आल्याला जेमतेम काही आठवडे झाले होते.

लढाईनंतर एका मरीनने घरी लिहिलं, की आमचे जे जे मेले, त्यांच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या शेजारी त्याची रायफल उघडलेली, सुटी करून पडलेली सापडली. शत्रू समोर असताना ही पोरं हत्यार दुरुस्त करत बसली होती. न्यू जर्सीचे काँग्रेस सदस्य जेम्स हॉवर्ड यांनी मे महिन्यात हे पत्र प्रतिनिधिगृहात मांडलं.

बिघडत काय होतं? त्यासाठी एक गोळी सुटते तो क्षण सावकाश पाहू या.

(पडद्यावर: चेंबरचा उभा छेद, अतिशय संथ गतीत.)

काडतुसाची पितळी पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, बसलेली असते. चाप ओढला की दारू पेटते आणि दाबाने पुंगळी फुगते, पावसाळ्यात दार चौकटीत आवळावं तशी चेंबरच्या भिंतीला आवळून बसते. गोळी बाहेर पडली की दाब उतरतो, पितळ किंचित आकसतं. एवढ्यात नळीतला थोडा गॅस एका बारीक गॅसनळीतून मागे येऊन बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, उघडतो. बोल्टच्या तोंडाशी छोटा आकडा असतो, एक्स्ट्रॅक्टर. तो पुंगळीची कड पकडून तिला बाहेर खेचतो. बोल्ट पुढे येतो, नवं काडतूस बसतं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत.

आता पुंगळी सुटलीच नाही तर? आकडा कडेवरून निसटतो, किंवा कडच तोडून मागे जातो. बोल्ट पुढचं काडतूस घेऊन येतो आणि त्याचं टोक अडकलेल्या पुंगळीवर आदळतं. मग बोल्ट कितीही ओढा, पुंगळी जागची हलत नाही. नळीच्या तोंडातून सळई घालून ती मागे ठोकून काढायची, एवढंच हातात उरतं. आणि सळया सगळ्यांना मिळाल्याच नव्हत्या. ज्यांच्याकडे होत्या, त्यांतले काही जण सळई रायफलच्या अंगालाच चिकटपट्टीने बांधून फिरत.

पुंगळी का अडकत होती, याची मुळं जंगलापासून फार लांब होती.

पहिलं, चेंबर. दमट हवेत उघड्या पोलादाला गंज चढतो, बारीक खड्डे पडतात आणि फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत रुतून बसतं. त्यावर क्रोमचा मुलामा हा जुना, माहीत असलेला उपाय होता. दुसऱ्या महायुद्धातल्या काही जपानी रायफलींच्या नळ्यांना आतून क्रोम होतं. अमेरिकेच्या स्वतःच्या एम-14 लाही क्रोम होतं. एम-16 ला दिलं गेलं नाही.

दुसरं, दारू. यूजीन स्टोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रायफलीचा घाट घातला तो ड्यूपॉन्ट कंपनीच्या आयएमआर नावाच्या दारूवर. 1964 मध्ये लष्कराने गोल दाण्यांच्या बॉल पावडरला मान्यता दिली. तिच्यामुळे गॅसनळीच्या छिद्रापाशी दाब वाढला, बोल्ट वेगाने आणि लवकर उघडू लागला. पुंगळी अजून भिंतीला आवळलेली, आणि आकडा तिला ओढतोय! वर या दारूत घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर गॅसनळीत साचू लागला.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी: नव्या दारूने रायफल गोळीबाराच्या ठरलेल्या वेगाच्या मर्यादेत बसेना, तेव्हा कारखान्यातल्या स्वीकृती चाचण्या जुन्या दारूच्या काडतुसांवर घ्यायला परवानगी दिली गेली. चाचणीत एक दारू, लढाईत दुसरी.

आणि बोट दाखवलं गेलं ते सैनिकाकडे. तुम्ही रायफल साफ ठेवत नाही, म्हणून. ज्याला ‘हिला फारशी सफाई लागत नाही’ असं सांगून, पुरेसं सफाईचं साहित्यही न देता पाठवलं, त्यालाच हा ठपका.

लष्कराने रायफलीत एक बदल आधीच करून घेतला होता, बोल्ट हाताने पुढे रेटायचं बटण. स्टोनर यांचा त्याला विरोध होता. इथे अडचण होती मागे न येणाऱ्या पुंगळीची, तिथे पुढे रेटणाऱ्या बटणाचा काय उपयोग?

(पडद्यावर: वॉशिंग्टन, कॅपिटॉलच्या पायऱ्या.)

प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेना समितीने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. ऑक्टोबर 1967 मध्ये तिचा अहवाल आला. दारूगोळ्यातले दोष दूर न करणं हे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवर जातं, असं तिने लष्करी अधिकाऱ्यांबद्दल लिहिलं.

दुरुस्त्या तोवर सुरू झाल्या होत्या. बोल्टचा वेग आवरणारा जड बफर आला, चेंबरला क्रोम मिळालं, सळया आणि ब्रश पोहोचू लागले. 1968 मध्ये विल आयस्नर या चित्रकाराने काढलेली देखभालीची चित्रपुस्तिका सैनिकांच्या हाती पडली. चेंबर कसं घासायचं हे तिच्यात विशीतल्या मुलाला एका नजरेत कळेल असं दाखवलेलं आहे. नळीला आतून पूर्ण क्रोम मिळायला मात्र आणखी काही वर्षं गेली, आणि सफाईचं साहित्य ठेवायला दस्त्यात झाकणाची जागा झाली तीही नंतरच.